थाळीतले पैसे आणि मैदानातली धाव

गेल्या वर्षी आमच्या मंडळीतील एक मुलगी शंभर मीटर धावण्याच्या राज्यस्तरीय स्पर्धेसाठी भोपाळला गेली. वडील पॉवरलूमवर कामाला, आई घरी शिवणकाम करणारी. प्रवास, राहणे आणि धावायचे बूट एवढा खर्च त्या घराला झेपणारा नव्हता. म्हणून एका रविवारी उपासनेनंतर आम्ही थाळी फिरवली. बऱ्हाणपुरात लूम थंडावले की पुष्कळ घरांना हात आखडावा लागतो, आणि तेव्हा दिवस तसेच होते. तरी रक्कम जमली. मुलगी गेली, पहिल्याच फेरीत बाद झाली आणि परत आली.

पुढच्या रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर कोणीतरी म्हणाले, "पैसे तापीत गेले म्हणायचे." आम्ही हसलो. मुलीची आई चार पावलांवर उभी होती हे नंतर कळले. पण ती तिथे नसती तरी आमच्या हसण्याचा अर्थ बदलला नसता. त्याच आठवड्यात मुलीने खजिनदारांकडे एक पाकीट आणून दिले. त्यात रेल्वेची तिकिटे, बुटांची पावती आणि उरलेले १४० रुपये होते. हिशेब चोख होता. तेव्हापासून ती उपासनेला येते, पण मागच्या बाकावर बसते आणि आशीर्वाद होताच निघून जाते.

वाचकहो, आम्हाला पडलेला प्रश्न हा, की त्या दिवशी आपण थाळीत टाकले ते दान होते की पैजेचा पैसा?

१९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिम्पिकला तेव्हाच्या मुंबई राज्यातून गेलेल्या दोघांची हकिगत येथे उपयोगी पडेल. दोघांनाही लोकांच्या पैशांचा आधार घ्यावा लागला. त्यांतले एक सर्वांना ठाऊक आहेत : कराडजवळच्या गोळेश्वरचे कुस्तीगीर खाशाबा जाधव. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून त्यांना सात हजार रुपये दिले. खाशाबांनी कांस्यपदक आणले, बैलगाड्यांची मोठी मिरवणूक निघाली, आणि मग कुस्त्या लढून त्यांनी प्राचार्यांचे पैसे फेडले. ही गोष्ट आपण रविवारच्या शाळेतही सांगतो, आणि सांगावीच.

दुसऱ्या मेरी डिसोझा, वांद्र्याच्या गोवेकर कुटुंबातल्या. १९५१ साली दिल्लीला पहिले आशियाई सामने झाले, त्यांत त्यांनी दोनशे मीटरला कांस्य आणि रिलेत रौप्यपदक मिळवले. स्वतंत्र भारतातून ऑलिम्पिकला गेलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक. निवड झाली, पण पाठवायला सरकारकडे पैसे नव्हते आणि घरची तेवढी ऐपत नव्हती. तेव्हा मित्रमंडळींनी नाचाचा कार्यक्रम केला, पत्त्यांचा व्हिस्ट ड्राइव्ह भरवला आणि निधी उभा करायला हात लावला. (पत्ते खेळून निधी जमवणे आमच्या वडीलमंडळींना मुळीच रुचले नसते, पण असो, आमची थाळी तरी कुठे फार निर्मळ निघाली!) हेलसिंकीत त्या शंभर आणि दोनशे मीटर धावल्या, आणि दोन्हींत पहिल्याच फेरीत बाद झाल्या.

व्हिस्टच्या टेबलावर बसलेल्यांचे पैसे बुडाले काय? कोणी म्हणेल, छे, दोनच वर्षांनी, १९५४ साली, मनिलाच्या आशियाई सामन्यांत मेरी डिसोझा, स्टेफी डिसोझा, व्हायोलेट पीटर्स आणि क्रिस्टीन ब्राउन यांनी रिलेचे सुवर्णपदक जिंकले; पैसे वसूल झाले! आम्हीही प्रथम हेच लिहिले होते, मग खोडले. कारण हा काटा तोच आहे. मनिलात एखादीच्या हातून बॅटन निसटली असती, तर हेलसिंकीचा खर्च पुन्हा वाया ठरला असता काय?

आणि या काट्यावर कोणाचेच समाधान होत नाही. जमैकाच्या मर्लिन ऑटी यांनी १९८० पासून २००० पर्यंत ऑलिम्पिकमध्ये नऊ पदके मिळवली, त्यांत सुवर्ण एकही नाही. १९९३ साली स्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेत शंभर मीटरला त्यांची आणि अमेरिकेच्या गेल डेव्हर्स यांची वेळ सारखीच, १०.८२ सेकंद, छायाचित्र पाहून डेव्हर्स पहिल्या ठरल्या. १९९६ साली अटलांटा ऑलिम्पिकमध्ये पुन्हा तसेच, दोघींची वेळ १०.९४. नऊ पदकांच्या या धावपटूला लोकांनी नाव काय दिले, तर 'कांस्याची राणी'.

आमच्या एका वडिलांनी विचारले, "मग देणाऱ्याने हिशेब मागूच नये काय? त्या थाळीत विधवांचे दहा-दहा रुपये होते." त्यांचे म्हणणे खरे आहे. मागावा. सराव केलास का, पैसे त्याच कामी लावलेस का, जीव तोडून धावलीस का, हे विचारण्याचा हक्क दहा रुपये देणाऱ्या बाईलाही आहे. हे सारे मुलीच्या हातचे आहे. शेजारच्या रांगेतली मुलगी किती वेगाने धावेल हे तिच्या हातचे नाही. पहिल्या हिशेबाचे उत्तर तिने पाकिटात घालून दिले होते. ते कोणी उघडून नीट पाहिले नाही. पुढच्या वेळी तिलाच पाठवावे की दुसऱ्या कोणाला, हा वेगळा प्रश्न आहे. कदाचित तिचा वेग तेवढा नसेलही. तसे तिला तोंडावर सांगण्यात अपमान नाही.

खर्डेकरांचा विचार मात्र मनातून जात नाही. घर गहाण ठेवले तेव्हा पदकाची हमी कोणी दिली नव्हती. खाशाबा रिकाम्या हाताने परतले असते, तरी ते कृत्य रतिभर कमी झाले नसते. फक्त आपण ते मुलांना सांगितले नसते. शर्यतीत पुष्कळ धावतात आणि बक्षीस एकालाच मिळते, हा पौलाचा दृष्टान्त शिकवताना एका लहानग्याने विचारले, "बाकीच्यांचे काय झाले?" शिक्षिकेने पुढचे वचन वाचायला घेतले.

खजिनदारांनी ते पाकीट अजून ठेवले आहे. १४० रुपये वहीत कोणत्या सदराखाली लिहावेत हे त्यांना सुचलेले नाही. मुलगी हल्ली पहाटे पुन्हा धावताना दिसते, पायांत तेच बूट. येत्या गुरुवारी आम्ही तिच्या घरी जाणार आहोत. तिच्या आईपुढे सुरुवात कशी करायची, ते अजून ठरत नाही.