स्वभावाला औषध

आमच्या शहापूरच्या घरात आजोबांबद्दल एवढंच सांगतात: ‘फार मनाला लावून घ्यायचे.’ भाताची झोडणी उरकली की दोन-दोन महिने ओटीवर गप्प. पुढे बाबाही तसेच. गेल्या वर्षी मी लॅपटॉपसमोर बसून दिवसभरात कोडची एक ओळ लिहू शकेना, तेव्हा मुरबाडची आत्या म्हणाली, ‘आपल्याकडचा स्वभावच तो. स्वभावाला औषध नाही.’

ऐकून आधी बरं वाटलं, मग भीती.

जुळ्यांवरचे अभ्यास एकत्र करून २००० साली एक विश्लेषण झालं. त्यात नैराश्याच्या धोक्यातला आनुवंशिक वाटा सुमारे ३७ टक्के निघाला. पटकन काळजीत पडणारा स्वभाव हा त्यातलाच एक दुवा. पण हा आकडा माणसामाणसांतल्या फरकांचा आहे. माझं ३७ टक्के दुःख आजोबांचं, असा हिशेब त्यातून निघत नाही.

स्वभाव वारशाने आला, त्यात कुणाचाच दोष नाही. मात्र आजाराला स्वभाव म्हणत राहिलो, ती आमची चूक. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासून उभं आहे. आजोबांना तिथे न्यावं, असं कुणाच्या मनातही आलं नाही. मी डॉक्टरांकडे गेलो. हळवा अजूनही आहे, पण काम करतो, झोपतो.

आता माझ्यासाठी स्थळं बघतायत. आत्या म्हणते, ‘मुलीकडच्यांना सांगू नकोस.’ घरातला मधुमेह आपण चहा घेता घेता सांगतो. हेही तसंच सांगणार आहे. नकार आला तरी चालेल. निदान माझ्या मुलांना ओटीवर गप्प बसावं लागणार नाही.