शांतता समितीत नसलेली माणसे

२१ जून २०२२ च्या रात्री अमरावतीतले औषधविक्रेते उमेश कोल्हे दुकान बंद करून दुचाकीवर घरी निघाले होते. मागच्या गाडीवर मुलगा आणि सून. घंटाघर परिसरात हल्लेखोरांनी त्यांना गाठून गळ्यावर चाकूचा वार केला. तपास आधी लुटीच्या अंगाने गेला. प्रेषित मुहम्मदांबद्दलच्या वक्तव्यामुळे वादात सापडलेल्या भाजपच्या नूपुर शर्मा यांच्या समर्थनार्थ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेल्या मजकुराशी या खुनाचा संबंध असल्याचे पोलिसांनी उघडपणे सांगितले, तेव्हा जुलै उजाडला होता. २ जुलैला प्रकरण राष्ट्रीय तपास संस्थेकडे (एनआयए) गेले आणि डिसेंबरात ११ जणांवर आरोपपत्र दाखल झाले. दोषी कोण, ते न्यायालय ठरवील. पण तो मजकूर दुसऱ्या ग्रुपवर पोहोचवल्याचा आरोप ज्याच्यावर आहे, तो कोल्हेंच्या ओळखीतलाच माणूस आहे.

आता दुसरे प्रकरण. २५ सप्टेंबर २०१५, बकरी ईद. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदमध्ये मशिदीबाहेर बंदोबस्ताला असलेल्या पोलिसांवर एका तरुणाने चाकूने हल्ला केला. गोवंश हत्याबंदीचा राग त्याच्या डोक्यात होता. दहशतवादविरोधी पथकाने यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा लावला आणि आणखी दोघांना आरोपी केले. मे २०१९ मध्ये अकोल्याच्या विशेष न्यायालयाने तिघांनाही त्या कायद्याखालच्या आरोपांतून मुक्त केले. हल्ला करणाऱ्याला पोलिसांना जखमी केल्याबद्दल शिक्षा झाली. तेवढी कैद त्याने आधीच भोगलेली होती. केवळ ‘जिहाद’ हा शब्द वापरला म्हणून माणसाला दहशतवादी म्हणणे धाडसाचे ठरेल, असे न्यायालयाने नोंदवले.

एका ठिकाणी यंत्रणेला विचारसरणीचा धागा दिसायला वेळ लागला, दुसऱ्या ठिकाणी तो होता त्याहून जाड दिसला. दोन्हीकडे कमी पडली ती एकच गोष्ट: रागावलेला माणूस आणि कट रचणारा माणूस यांतला फरक ओळखण्याची नजर. अशी नजर शिकवता येते. अकोल्यात पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. कायदा, कवायत आणि जमाव पांगवणे हे कोणत्याही शिपायाच्या शिक्षणाचे ठरलेले भाग. पण गल्ली ज्याच्या ओळखीची असते त्या बीट अंमलदाराला दाढी, टिळा किंवा टोपी पाहून काहीच कळत नाही, हे कोणीतरी सांगायला हवे. जुने मित्र अचानक तुटणे, घरातल्यांशी बोलणे बंद होणे, ‘आता बोलून उपयोग नाही’ अशी भाषा आणि मग नाव, जागा, हत्यार यांची चौकशी: लक्ष द्यायचे ते या क्रमाकडे. त्यातली एखादी गोष्ट एकटीच दिसली, तर तो वयात आलेला कुठलाही पोरगा असू शकतो.

ही नजर एका धर्मापुरती ठेवली की ती निकामी होते. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये तरुणांना कट्टरतेपासून परावृत्त करण्याचा कार्यक्रम आखला, तो मुख्यतः अल्पसंख्याक तरुण डोळ्यांसमोर ठेवून. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून त्याआधीच, २० ऑगस्ट २०१३ रोजी, पुण्यात झाला होता. मे २०२४ मध्ये ज्या दोघांना त्यासाठी जन्मठेप झाली, त्यांच्यापर्यंत असा कार्यक्रम पोहोचणारच नव्हता.

समाजाच्या बाजूने आपल्याकडे आहे ती शांतता समिती. सण जवळ आला की ठाण्याच्या आवारात खुर्च्या मांडल्या जातात. माजी नगरसेवक, मशिदीचे विश्वस्त, मंडळाचे अध्यक्ष येतात; ठाणेदार डीजे आणि मिरवणुकीच्या मार्गाबद्दल सूचना देतात, चहा होतो, फोटो निघतो. अकोल्यात श्रावणातल्या कावड यात्रेआधी अशा बैठकीची गरज असतेच, ती टाकाऊ म्हणता येणार नाही. पण १३ मे २०२३ ला जुन्या शहरात दंगल पेटून एकाचा जीव गेला, तेव्हा ठिणगी होती इन्स्टाग्रामवरची पोस्ट. समितीतल्या किती काकांचे इन्स्टाग्रामवर खाते असेल?

नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीतही ठिणगी अशीच समितीच्या नजरेबाहेरून आली होती. त्रिपुरातल्या मुस्लिमविरोधी हिंसेच्या निषेधार्थ १२ तारखेला मोर्चा निघाला, दगडफेक झाली; १३ ला उलट बंद आणि जाळपोळ, मग संचारबंदी, इंटरनेट बंद. त्रिपुराच्या गोमती जिल्ह्यात मशीद पाडल्याची बातमी खोटी असल्याचा केंद्रीय गृहमंत्रालयाचा खुलासा आला, तोवर इथली दुकाने फुटलेली होती.

याउलट भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला समित्या बांधल्या, त्यांत शिपाई आणि सामान्य रहिवासी वर्षभर एकत्र बसत. १९७० आणि १९८४ ला जळालेली भिवंडी १९९२-९३ ला शांत राहिली, शेजारची मुंबई पेटलेली असताना. तिथे तंटा भाड्याचा असो की नळाचा, बैठकीत येई. त्यामुळे दंगलीच्या दिवशी लोकांकडे जायला जी ओळख लागते, ती आधीच झालेली होती.

परदेशातही संशयाची आणि विश्वासाची, अशा दोन्ही वाटा चालून झाल्या आहेत. ब्रिटनने २०१५ मध्ये कायद्याने शाळांवर विद्यार्थी दहशतवादाकडे ओढले जाऊ नयेत याकडे लक्ष देण्याचे बंधन घातले. मुले वर्गात तोंड उघडेनात, अशी तक्रार शिक्षकांच्याच संघटनेने केली. डेन्मार्कमधल्या ऑरहूस शहरात पोलीस, पालिका आणि समाजसेवक एका टेबलाशी बसतात आणि सीरियातून परतलेल्या तरुणांनाही आधी शिक्षण, नोकरी, मार्गदर्शक देऊ करतात. २०१३ अखेरपर्यंत त्या शहरातून सुमारे ३० जण सीरियाला गेले होते. २०१४ मध्ये एकच गेला.

वऱ्हाडातल्या आईला आज पोराच्या मोबाइलवर काहीतरी भयंकर दिसले, तर ती ठाण्यात जाणार नाही. तिथे गेले की पोराचे नाव गोपनीय शाखेच्या वहीत चढते, ते निघत नाही, हे तिला कोणी सांगावे लागत नाही. तिला जिल्हा रुग्णालयातला समुपदेशक किंवा विश्वासातले शिक्षक लागतील. त्यांनाही प्रशिक्षण लागेल, आणि अडचण तिथेच आहे: पोराने चाकू घेतल्याचे समुपदेशकाला कळले, तर त्याने ठाणेदाराला केव्हा सांगायचे? कुठल्या टप्प्यावर गुन्हा नोंदवायचा आणि तोवर वहीत काय लिहायचे नाही, हे पोलीस खात्याने आणि आरोग्य विभागाने मिळून लेखी ठरवून द्यायला हवे. तोंडी समजूत पुरायची नाही, कारण दोन-तीन वर्षांत ठाणेदाराची बदली होते आणि नवा साहेब पहिल्यापासून सुरुवात करतो.