शाळेचा ड्रेस कोणाच्या खिशातून?

लंडनमध्ये 1552 साली अनाथ आणि निराधार मुलांसाठी ‘ख्राइस्ट्स हॉस्पिटल’ नावाची शाळा निघाली. मुलांना पायघोळ निळा कोट दिला गेला. निळाच का, तर त्या काळी निळा रंग स्वस्त पडे आणि तो नोकरचाकरांच्या अंगावर असे. कोट बघताच रस्त्यावरच्या कोणालाही कळावं, की हे पोर धर्मादायावर शिकतंय. शाळेच्या गणवेशाचं हे सर्वांत जुन्या रूपांपैकी एक, आणि त्यात समतेचा विचार औषधालाही नव्हता. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी: कोटाचे पैसे मुलांच्या घरून येत नव्हते. आजही ती शाळा तो कोट फुकटच देते.

एकोणिसाव्या शतकात ईटन, हॅरोसारख्या धनिकांच्या शाळांनी हीच कल्पना उचलली आणि तिचा अर्थ पार उलटा केला. ठरावीक कोट, ठरावीक टोपी, ठरावीक टाय यांवरून आता पोरगं बड्या घरचं आहे हे कळू लागलं. आपल्याकडे मिशनच्या आणि कॉन्व्हेंट शाळांतून जो गणवेश रुजला, तो बराचसा या दुसऱ्या वळणाचा. टाय त्यातलीच. विदर्भातल्या उन्हात सात वर्षांच्या मुलाच्या गळ्यात ती कशासाठी, याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही.

मग गणवेशाने गरीब-श्रीमंत भेद मिटतो, हे आपण कधीपासून म्हणू लागलो? स्वातंत्र्यानंतर शाळा गावोगाव गेली, एका बाकावर नाना घरची पोरं आली, तेव्हा हा युक्तिवाद पुढे आला आणि तो खोटाही नव्हता. पण महाराष्ट्राने समतेचा सर्वांत धाडसी शालेय प्रयोग त्याच्या आधीच करून पाहिला होता, आणि त्यात कापडाचा संबंध नव्हता. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्याला वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एका पंगतीला जेवली. एका रंगाचे शर्ट घालायला लावणं त्या मानाने फारच सोपं काम.

सोपं असूनही ते सरकारला नीट जमलं नाही. सर्व शिक्षा अभियानात दोन गणवेशांसाठी मुलामागे वर्षाला 400 रुपये मिळत, समग्र शिक्षा आल्यावर ते 600 झाले. लाभार्थी कोण? सगळ्या मुली, आणि मुलांपैकी अनुसूचित जाती-जमातीचे व दारिद्र्यरेषेखालचे. उरलेली मुलं वगळलेली. म्हणजे गुरुजींनी यादी काढायची आणि नावं पुकारायची. जो भेद गणवेशाने झाकायचा, तोच गणवेश वाटताना वर्गासमोर उघडा पडायचा. 2023मध्ये महाराष्ट्राने उरलेल्या मुलांनाही योजनेत घेतलं, हे चांगलं केलं.

पण त्याच दमात ‘एक राज्य एक गणवेश’ आला. 2024-25 साली कापड राज्य पातळीवर खरेदी करून महिला बचत गटांकडे शिवायला दिलं. शिलाई इतकी तुटपुंजी, की अनेक ठिकाणी गटांनी काम घ्यायलाच कुरकुर केली. पंधरा ऑगस्ट उलटला तरी कित्येक शाळांत पोरं जुन्याच कपड्यांत. आणि जे आले, त्यांत कुणाची बाही कोपरापाशी, कुणाची चड्डी कमरेवरून घसरणारी. शेवटी डिसेंबर 2024मध्ये सरकारने माघार घेतली आणि पुढच्या वर्षापासून गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिला. पोरांची मापं मंत्रालयातून घेता येत नाहीत, एवढं कळायला एक शैक्षणिक वर्ष गेलं.

खासगी शाळांची तऱ्हा वेगळी. तिथे खर्चाचं मूळ कापडात नाही, मोनोग्राममध्ये आहे. पूर्वी शाळेचा ड्रेस वाढत्या अंगाचा शिवत. शिंपी खाली चार बोटं कापड आत दुमडून ठेवायचा. जूनमध्ये पोर उंच झालेलं दिसलं की आई दुमड उसवायची, आणि स्कर्टच्या विटलेल्या निळ्यावर मूळ रंगाची एक गडद पट्टी उमटायची. कोणाचा ड्रेस कितव्या वर्षात आहे, ते त्या पट्ट्या मोजून सांगता यायचं. मोठीचा ड्रेस धाकटीला, तिच्याकडून मामेबहिणीला. आता खिशावर शाळेचं चिन्ह विणलेलं, मोज्यांना ठरावीक रेघा, पीटीचा टी-शर्ट ‘हाउस’च्या रंगाचा, आणि हे सगळं मिळण्याचं दुकान एकच. तयार कपड्याला आत दुमडीपुरतंही कापड नसतं. मध्येच एखाद्या वर्षी शाळा चौकडा बदलते, की थोरलीचे दोन्ही ड्रेस बाद. बिल दिसतं दुकानातलं. पण शिंपी, बाजार आणि नात्यातली उसनवार हे तिन्ही मार्ग बंद झाल्याचा खर्च कुठल्याच पावतीवर येत नाही. शिक्षणहक्क कायद्याखाली पंचवीस टक्क्यांत प्रवेश मिळालेल्या घरांना हे सर्वांत जड जातं. फी माफ होते, पण गणवेशाचे पैसे अनेकदा घरूनच जातात.

गणवेश हवाच का? अमेरिकेत लाँग बीच इथे 1994 साली सक्ती झाली. गुन्हे घटले, शिस्त आली, असा गाजावाजा झाला आणि 1996च्या भाषणात राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनीही गणवेशाची भलामण केली. पण 1998 साली ब्रन्स्मा आणि रॉकेमोर या संशोधकांनी देशभरची आकडेवारी तपासली, तर हजेरीवर किंवा वर्तनावर गणवेशाचा थेट परिणाम त्यांना आढळला नाही. जर्मनीतल्या बहुतेक शाळा गणवेशावाचून चालतात. तेव्हा शिस्तीचा दाखला मी बाजूलाच ठेवतो. टोकियोतल्या एका सरकारी प्राथमिक शाळेने 2018मध्ये अरमानीचा गणवेश ठरवला, किंमत ऐंशी हजार येनच्या वर. तिथे समतेचा दाखलाही गेला.

तरी गणवेश नको असं मी म्हणणार नाही. ज्या घरात मुलीचे धड दोनच कपडे आहेत, तिथे ‘आज काय घालू’ हा प्रश्न लाज घेऊन येतो आणि शाळेचा ड्रेस तो सोडवतो. त्यासाठी चिन्ह विणलेला खिसा लागत नाही. शाळेने रंग सांगावा, कापड पालकांनी कुठूनही घ्यावं, बिल्ला टाचणीने लावता यावा. ब्रिटिश संसदेने 2021 साली इंग्लंडसाठी गणवेशाच्या खर्चाबाबत कायदाच केला. शाळेच्या नावाचे कपडे कमीत कमी ठेवा आणि जुने कपडे मिळण्याची सोय करा, अशी अपेक्षा त्यातून शाळांपुढे ठेवली गेली. आपल्याकडे विशिष्ट दुकानाची सक्ती करू नका, अशी परिपत्रकं निघतात. पण बाजारात एकाच ठिकाणी मिळणारी वस्तू ठरवून दिली, की सक्ती वेगळी करावीच लागत नाही. पालकसभेत विचारायचं असेल तर हेच विचारावं: हा चौकडा शहरातल्या किती दुकानांत मिळतो?