रायपूरची आहे, एवढंच सांगितलं

रतनपूरच्या किल्ल्यात एका वृद्ध गृहस्थांनी मला विचारलं, "कहाँ से आए हैं, मैडम?" मी म्हटलं, "रायपुर से." उत्तर खरं होतं. चौबे कॉलनीत माझं घर आहे, जन्मही याच शहरातला. तरीही ते उत्तर देताना आपण काहीतरी लपवतो आहोत, हे मला कळत होतं.

कारण त्याआधी ते किल्ल्याची गोष्ट सांगत होते. रतनपूर ही कलचुरींची जुनी राजधानी. शिवनाथ नदीच्या उत्तरेला रतनपूरचे अठरा गड, दक्षिणेला रायपूरचे अठरा; त्यावरून छत्तीसगड हे नाव पडलं, असं परंपरा सांगते. १७४१ मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत फौज घेऊन इथे आले. गादीवरचे रघुनाथसिंह वृद्ध होते, मुलाच्या मृत्यूने खचलेले. तोफा सुरू झाल्या आणि अखेर राणीने तटावरून पांढरं निशाण दाखवलं, असं सांगतात. "मराठों ने तोप चलाई," म्हणताना त्यांनी पडक्या भिंतीकडे हात केला. आवाजात राग नव्हता. पाऊस कधी पडला ते सांगावं, तसं ते सांगत होते. माझी मात्र मान खाली गेली.

तासाभराने आम्ही रामटेकरीवर चढलो. टेकडीवरचं राममंदिर बिंबाजी भोसल्यांनी बांधलेलं. बिंबाजी रघुजींचे पुत्र. १७५८ पासून १७८७ पर्यंत, मरेपर्यंत, त्यांनी रतनपुरात राहून राज्य केलं. देवळातून खाली गाव दिसतं, तलाव दिसतात. नागपूरजवळचं रामटेक आठवलं आणि ऊर भरून आला. पुजाऱ्यांना मी आपणहून सांगितलं, "हम भी मराठी हैं."

उतरताना पायऱ्यांवर माझं मलाच हसू आलं. खाली मी रायपूरची होते, वर मराठी झाले. एकाच घराण्याने भिंत पाडली आणि देऊळ बांधलं. मी देवळावर हक्क सांगितला आणि भिंतीच्या वेळी गप्प राहिले.

घरी हे सांगितलं तेव्हा आमचे काका म्हणाले, "अगं, पावणेतीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट. आपला काय संबंध? तुझे आजोबा रेल्वेच्या नोकरीत आले, तलवार घेऊन नाही आले." काकांचं म्हणणं खरं आहे. जे मी केलं नाही त्याचा दोष मला लागत नाही. पण मग राजगडही मी बांधला नाही. तिथल्या बालेकिल्ल्यावर उभं राहून छाती फुगते ती कोणत्या हक्काने? माझ्या माहितीतला एकही पूर्वज तिथे पहाऱ्यावरसुद्धा नव्हता. आजोबांचं रेल्वेचं तिकीट दोषातून सोडवत असेल, तर ते अभिमानातूनही सोडवतं. वडिलांचा वाडा हवा आणि वाड्यावरचं कर्ज नको, असं वारसाला म्हणता येत नाही. घ्यायचं तर दोन्ही, नाहीतर दोन्ही सोडायचं.

दोन्ही सोडणं शहाणपणाचं वाटतं. पण भाषा ते करू देत नाही, आणि माझं तर पोटच भाषेवर आहे. त्याच आठवड्यात मी छत्तीसगडच्या इतिहासावरच्या एका हिंदी लेखाचा मराठी अनुवाद करत होते. मुळात शब्द होते 'मराठा आक्रमण'. माझ्या बोटांनी न विचारता टाइप केलं, 'मराठ्यांची स्वारी'. शब्द चुकीचा नव्हता. आपली बखर, आपली पाठ्यपुस्तकं असंच म्हणतात. दुसरे येतात ते आक्रमण, आपण जातो ती स्वारी, मोहीम, मुलूखगिरी. 'बारगीर' म्हणजे आपल्याकडे सरकारी घोड्यावरचा स्वार, साधा नोकरीचा शब्द. बंगालीत त्याचाच 'बर्गी' झाला आणि मुलं झोपवण्याच्या गाण्यात भीती म्हणून शिरला. भास्करपंत रतनपूरनंतर तिकडेच गेले होते. शब्द तोच, कुठल्या उंबऱ्यावरून ऐकला यावर त्याचा अर्थ ठरला.

मग मी काय करायला हवं होतं? त्या वृद्ध गृहस्थांची माफी मागायला? त्यांनी ती मागितली नव्हती, आणि भास्करपंतांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. अशी माफी बहुधा मागणाऱ्यालाच मोठं करते. लाज वाटून घेणंही फारसं कामाचं नाही. लाजेने मी खरं बोलले नाही, उलट लपले. त्यांचं माझ्याकडे एवढंच येणं होतं, की त्यांची गोष्ट कोण ऐकतं आहे हे त्यांना कळावं. "मी मराठी आहे, सांगा," इतकं म्हटलं असतं तर कदाचित त्यांनी गोष्ट मवाळ केली असती, कदाचित आणखी कडक. दोन्ही चाललं असतं. त्या गोष्टीत मीही कुठेतरी उभी आहे, हे निदान दोघांना माहीत असतं.

अनुवादात मी 'स्वारी' खोडून 'आक्रमण' केलं. पुढच्याच परिच्छेदात बिंबाजींचं देऊळ होतं, तेही जसंच्या तसं ठेवलं. पुन्हा रतनपूरला जाईन तेव्हा आधी किल्ल्यात जाईन, आणि कुठून आलात असं कोणी विचारलं तर उत्तर थोडं लांब देईन.