एकच खोली तापवायची

सह्याद्रीवर पाणी ओतून ढग माणदेशात पोचतात ते जवळजवळ रिकाम्या हातानं. हिमालयातही तसंच होतं. पावसाळी ढग अलीकडच्या रांगांवरच अडतात आणि पलीकडचं, हिमाचलातलं स्पीतीचं खोरं कोरडं राहतं. थंड वाळवंटच ते. काझा हे तिथलं मुख्य गाव साडेतीन हजार मीटरहून उंचावर आहे. हिवाळ्यात पारा उणे वीसच्याही खाली जातो.

कांजूरमार्गचं एक ओळखीचं जोडपं ऐन जानेवारीत तिकडे गेलं. मनालीकडची वाट कुंझुम खिंडीतल्या बर्फानं बंद असते, म्हणून शिमल्याहून किन्नौरमार्गे. गाडी भाड्याची, चालक किन्नौरचाच. खाबला सतलज आणि स्पीती नद्यांचा संगम लागतो. पुढे हिरवं असं काही दिसेनासं होतं, उरतात मातकट डोंगर. रस्त्यावर पाझरलेलं पाणी गोठलेलं. चालक चाकांना साखळ्या बांधायचा, ही दोघं टॉर्च धरून उभी. ताबोला त्यांनी 996 साली उभारलेला मातीच्या भिंतींचा मठ पाहिला.

पण परतल्यावर दोघं सांगत राहिली ती एका घराची गोष्ट. ती उतरली होती ते घर ऐसपैस, खोल्या भरपूर. तरी थंडीत सारं कुटुंब एकाच खोलीत. मधोमध लोखंडी शेगडी, तिला तिकडे तंदूर म्हणतात. तिच्यात लाकडं आणि गोवऱ्या. तिच्याभोवतीच स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, आजोबांची जपमाळ आणि रात्रीची अंथरुणंही. बाकीच्या खोल्यांकडे कुणी फिरकत नाही. झाडं फारशी नाहीत, सरपण मोजून जाळायचं. सगळं घर तापवायला गेलं, तर अर्ध्या हिवाळ्यातच सरपण संपायचं.

आणि या दोघांचं कांजूरचं घर? एक खोली आणि स्वयंपाकघर. त्याची रात्रपाळी, तिची सकाळची स्लो लोकल. संसाराचं बोलणं फ्रीजवरच्या चिठ्ठीत: ‘भाजी केलीय, कुकर लाव.’ घर मोठं झालं की सगळं जमेल, असं दोघं एकमेकांना सांगत आली होती.

श्रोतेहो, स्पीतीत सरपण तुटपुंजं, आपल्याकडे वेळ. तुटपुंजी गोष्ट चहूकडे थोडी थोडी वाटली की ऊब कुठंच राहत नाही. आपण मात्र वेळ तसाच वाटतो. फोनला थोडा, टीव्हीला थोडा, ऑफिसच्या ग्रुपला थोडा. घरच्या माणसाच्या वाट्याला उरलंसुरलं. स्पीतीतली माणसं थंडी पडल्यावर धावाधाव करत नाहीत. सरपण आधीच गच्चीवर रचलेलं असतं, आणि कोणती खोली तापवायची हेही ठरलेलं असतं.

कांजूरच्या घरी तो कामावरून येतो आणि ती निघते, त्यामध्ये जेमतेम अर्धा तास मिळतो. आता तेवढ्या वेळात दोघं फोन बाजूला ठेवून एकत्र चहा घेतात. मोठ्या घराचं पुढे बघता येईल.

तुमच्या घरातला असा अर्धा तास कोणता, ते आज कामाला बाहेर पडण्याआधी ठरवून टाका.