वहीतले कोरे पान

हैदराबाद-मनमाड लोहमार्गावर, छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेस, लासूर स्टेशन नावाची बाजारपेठ आहे. मूळ लासूर शिवना नदीच्या काठी असून तेथील दाक्षायणी देवीच्या मंदिरामुळे ते दूरवर परिचित आहे. रेल्वेच्या आधाराने वाढलेल्या या पेठेला मात्र लोकांनी स्टेशनचेच नाव देऊन टाकले. कापूस, मका, कांदा घेऊन येणाऱ्या गाड्या येथील बाजारात रिकाम्या होतात आणि परत जाताना खताच्या गोण्या व किराणा घेऊन जातात. या परिसरातील वस्त्यांवर, आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत, आमचे वर्षानुवर्षे जाणे-येणे आहे. त्यातून एक गोष्ट आमच्या मनावर ठसली आहे. येथल्या घरात पैसा वर्षातून एकदोनदा येतो. खर्चाला मात्र बारा महिने आहेत. जूनमध्ये बियाणे घ्यावयाचे, त्याच आठवड्यात मुलांची वह्या-पुस्तके, आणि कापसाचा पैसा दिसणार दिवाळीच्या पुढेमागे. मधल्या पाच महिन्यांच्या फटीतून कर्ज घरात शिरते.

काही वर्षांपूर्वी पास्काकाळात आम्ही घरे आशीर्वादित करण्यासाठी फिरत होतो. एका घरी विधी आटोपल्यावर घरधनिणीने मोठ्या कौतुकाने एक वही आमच्यापुढे ठेवली. मुलाची शाळेतली जुनी वही. डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. तेल, चहापत्ती, मिस्सेच्या वेळी टाकलेले दान, सारे तारीखवार लिहिलेले. "फादर, पिठाच्या गिरणीचे पैसेसुद्धा मी लिहिते," ती म्हणाली. आम्ही पाने चाळीत शेवटी आलो. तेथे वर 'देणे' असे ठळक अक्षरात लिहून खाली रेघा आखल्या होत्या. पान कोरे होते. "देवाच्या कृपेनं आमच्यावर कुणाचं देणं नाही," असे ती म्हणाली तेव्हा तिचा नवरा खाली मान घालून उभा होता.

तो आम्हांला रस्त्यापर्यंत पोहोचवावयास आला. मोटारसायकलीपाशी थांबून त्याने जे सांगितले ते आज त्याच्या व त्याच्या पत्नीच्या अनुमतीने, ओळख पटणार नाही अशा बेताने, येथे लिहीत आहोत. त्याच्यावर ८४ हजार रुपयांचे देणे होते. काही खताच्या दुकानाची उधारी, काही एका नातेवाइकाची हातउसनवारी आणि उरलेले शेकडा तीन रुपये महिना व्याजाने सावकाराकडून घेतलेले. या शेवटच्या रकमेत पाच हजार रुपये असे होते, की ते ऐकून आमच्या पायांखालची जमीन सरकली. ते त्याने आपल्या चर्चच्या सणाची वर्गणी देण्यासाठी काढले होते.

"तुम्ही वेदीवरून नावं वाचता, फादर," तो म्हणाला. "त्या साली माझ्या धाकट्या भावाचं नाव पाच हजारांनी वाचलं जाणार होतं. माझं पाचशेंनी कसं वाचू द्यायचं?"

शेकडा तीन म्हणजे पाच हजारांवर महिना दीडशे. सणाला अठरा महिने झाले होते. २,७०० रुपये व्याज गेले होते आणि मुद्दल जागच्या जागी होते. त्या यादीचा कागद आम्हीच तयार केला होता आणि मोठ्या आवाजात आम्हीच वाचला होता.

वाचकहो, कर्ज आणि काटकसर या विषयावर आम्ही आजवर अनेक प्रवचने दिली. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण तर आमच्या तोंडात सदैव असे. त्या दिवसापासून ती उच्चारताना आमची जीभ अडखळते. ज्याचे अंथरूण कायम तेवढेच राहते, त्याला ही म्हण सांगणे सोपे आहे. महिन्याच्या एक तारखेला पगार घेणाऱ्याला आपली चादर किती हात आहे हे ठाऊक असते. कोरडवाहू शेतकऱ्याचे अंथरूण तो झोपेत असतानाच आखूड होते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, डिसेंबरात निर्यातच बंद झाली आणि ती बंदी २०२४ च्या मे महिन्यात उठली. ज्याने या काळात कांदा काढला त्याने कोणती उधळपट्टी केली होती? १९७२ च्या दुष्काळात ज्या पिढीने खडी फोडून दिवस काढले, तिने पाय कोठे लांब केले होते? तेव्हा कर्जबाजारी म्हणजे अविचारी, असा सरसकट निवाडा देणे हा अन्याय आहे.

तरीही सारे कर्ज आभाळाने किंवा सरकारने लादलेले असते असे म्हणणेही खरे नव्हे. आम्हांस कर्जाचे तीन प्रकार दिसतात: पोटाचे, पिकाचे आणि प्रतिष्ठेचे. आजारपणात, दुष्काळात काढलेले पोटाचे कर्ज ही लाजेची बाब नाही. तेथे लाज वाटावयाची असेल तर ती शेजाऱ्याला वाटावी. पिकाचे कर्ज हा एक व्यवहार आहे. ते कोठून घ्यावे, केव्हा फेडावे याचा विचार करता येतो. तिसऱ्या कर्जाला मात्र कोणताही ऋतू लागत नाही. लग्नातला मंडप, स्नानसंस्काराचे जेवण, मयताच्या महिन्याचे जेवण, सणाची वर्गणी यांतून ते निघते. ऋण काढून सण करू नये हे आपल्या वाडवडिलांनी सांगितले, पण सण करावयास लावणारे 'चार लोक' कोण, हे सांगितले नाही. त्या चौघांत एक आम्ही होतो.

येथे खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. कर्ज काढणाऱ्याने ते स्वतःच्या हाताने काढले. अंगठा त्याचा, सही त्याची. मग दोष त्याचा की त्याला तेथवर आणणाऱ्याचा? सेमिनरीत आम्ही शिकलो की कृतीची जबाबदारी इच्छास्वातंत्र्यावर अवलंबून असते. भय व दडपण यांनी ती कमी होते, पण नाहीशी होत नाही. ते खरेच आहे. त्या गृहस्थाने बायकोपासून देणे लपविले, हा त्याचा दोष होता आणि त्याने तो नाकारला नाही. परंतु त्याच्या जबाबदारीतून जेवढा भाग कमी होतो, तो हवेत विरत नाही. तो कोणाच्या तरी पदरी पडतोच.

जुन्या करारातील नहेम्या या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात हाच प्रसंग आहे. यरुशलेमचा तट बांधण्याचे पवित्र काम चालू असता गोरगरिबांचा आक्रोश होतो: दुष्काळात धान्यासाठी शेते आणि घरे गहाण पडली, मुलेबाळे दास्यात गेली, आणि व्याज घेणारे आपलेच भाऊबंद आहेत. नहेम्या संतापतो, पुढाऱ्यांना जाब विचारतो. पण आपणही आपल्या माणसांसह लोकांना पैसा व धान्य कर्जाऊ देत आलो आहोत, हेही तो सर्वांसमक्ष मान्य करतो, आणि मग शेते, मळे, घरे परत देण्याची मागणी करतो. इतरांचे व्याज सोडविण्याआधी त्याने त्या दोषात स्वतःला गणले. हा अध्याय आम्ही अनेकदा वाचला होता. ती वही पाहिल्यावर तो आम्हांला समजला.

मोशेच्या नियमशास्त्रातील कर्जाचे नियमही या दृष्टीने पाहावे. जात्याची तळी गहाण घेऊ नये, कारण ते त्या घराचे जगणे आहे. गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर सूर्यास्तापूर्वी परत करावे. गहाण वस्तू आणावयास सावकाराने घरात शिरू नये. बाहेर उभे राहावे, ऋणको स्वतः ती आणून देईल. कर्ज घेणारा आपल्या उंबरठ्याच्या आत मालकच राहतो, त्याचा मान गहाण पडत नाही, हे त्या नियमाचे मर्म आहे. आपल्या देशातही व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये असा दामदुपटीचा दंडक पूर्वापार होता. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात तो आहे. त्याच कायद्याने विनापरवाना सावकारी हा गुन्हा ठरविला असून अशा सावकाराने बळकावलेली जमीन परत मिळविण्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकाकडे दाद मागता येते. आपल्या कितीतरी कुटुंबांना हे ठाऊक नसते.

ख्रिस्तसभेने व्याजखोरीचा निषेध शतकानुशतके केला, पण केवळ निषेधाने कोणाची चूल पेटत नाही. म्हणून १४६२ साली इटलीतील पेरुजा शहरात फ्रान्सिस्कन संन्याशांनी गरिबांना अल्प आकाराने कर्ज देणारी तारणपेढी उभारण्यात पुढाकार घेतला. १९०९ मध्ये रांची भागात फादर हॉफमन या येशूसंघीय धर्मगुरूने आदिवासी ख्रिस्तजनांची सहकारी पतसंस्था काढली. आणि आपल्या वसईत १९१८ साली मोन्सिनिअर पी. जे. मोनीस यांनी लावलेले रोपटे आज बसीन कॅथॉलिक सहकारी बँक म्हणून उभे आहे. या मंडळींना कळले होते की कर्ज काढू नका असे सांगणाऱ्याने, अडचण आली तर कोठे जावे, हेही सांगितले पाहिजे.

आता त्या घराकडे परत येऊ. आम्ही त्या गृहस्थाला एवढेच म्हणालो, की तुमच्या पत्नीने आखलेल्या रेघा रिकाम्या आहेत, त्या तुम्ही भरा. त्याला तीन आठवडे लागले. त्या रात्री घरात जे झाले ते सुखाचे नव्हते. ती दोन दिवस जेवली नाही. देण्यापेक्षा लपविण्याचे दुःख तिला अधिक झाले. तिसऱ्या दिवशी ती वही घेऊन बसली आणि त्याला एकेक रक्कम, घेतल्याची तारीख आणि व्याजाचा दर सांगावयास लावला. मग तिने जे केले ते अर्थशास्त्राच्या पदवीधरालाही सुचले असतेच असे नाही. सर्वांत मोठी रक्कम नव्हे, तर सर्वांत महाग रक्कम प्रथम फेडावयाची, असे तिने ठरविले. बचत गटातील आपल्या नावावर, शेकडा एक रुपया महिन्याने, तिने कर्ज घेतले आणि सावकाराचे तोंड बंद केले. नातेवाइकाकडे दोघे मिळून गेले आणि मुदत मागून घेतली. खताच्या दुकानाची उधारी कापसाच्या पैशातून दोन हंगामांत फिटली.

तिच्या वहीवरून आम्ही जे शिकलो ते इतर घरांतही सांगत असतो. व्याज 'शेकडा तीन' ऐकावयास लहान वाटते. वर्षाचे ते ३६ टक्के होतात, आणि तेहतीस-चौतीस महिन्यांत मुद्दलाएवढे व्याज देऊन मुद्दल तसेच उरते. दारावर येऊन हप्ते नेणाऱ्या कंपनीला दर विचारताना, व्याज घटत्या शिलकेवर आहे की मूळ रकमेवर, हे विचारावे. दहा हजार रुपये बारा समान हप्त्यांत फेडताना मूळ रकमेवर १२ टक्के लावले, तर खरा दर २१ टक्क्यांहून अधिक पडतो. एका कंपनीचा हप्ता भरण्यासाठी दुसरीचे कर्ज काढणे, हा धोक्याचा पहिला इशारा समजावा. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे सूक्ष्मकर्ज घेणाऱ्या कुटुंबाच्या सर्व हप्त्यांची बेरीज मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नये. पण जेथे उत्पन्न हंगामी आहे तेथे हे निम्मेही जड जाते. बँकेचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यास व्याजात मोठी सवलत मिळते, म्हणून ते थकू देऊ नये. आणि कापसाचा पैसा आला की त्याचे बारा भाग करून जूनचा भाग वेगळा ठेवावा. उधारीचे पोते सव्वा हात रिते असते, हे जूनमध्ये आठवून उपयोग नाही. ते दिवाळीत आठवावे.

आमच्या वाट्याचे काम मात्र राहिलेच होते. पुढच्या सणाला आम्ही यादी वाचली नाही. बिननावाची पाकिटे ठेवली. काही मंडळी नाराज झाली. नाव निघत नसेल तर द्यावयाचे कशाला, असेही कोणी बोलले. वर्गणी निम्म्याहून खाली आली. त्या वर्षी मंडप नव्हता, बँड नव्हता, जेवण म्हणजे वरण-भात. प्रार्थनामंदिराच्या गळक्या छपराचे काम आणखी दोन पावसाळे लांबले, आणि मिस्सेच्या वेळी पत्र्यातून थेंब पडू लागले की, आपला निर्णय बरोबर होता ना, असा प्रश्न आमच्या मनात येत असे. तोट्याशिवाय हे झाले असे आम्ही सांगणार नाही. परंतु ज्या छपरासाठी एखाद्या घराने शेकडा तीनने पैसे काढावेत, त्या छपराखाली उभे राहून 'आमची ऋणे आम्हांस सोड' या अर्थाची प्रार्थना कोणत्या तोंडाने करावी?

गेल्या उपवासकाळात त्या घरी पुन्हा जाण्याचा योग आला. वही दुसरी होती, मुलाची इयत्ता वरची होती. शेवटच्या पानावर 'देणे' या शब्दाखाली चार ओळी होत्या. तीन खोडलेल्या, एक शिल्लक. आम्ही ती पाहिलेली तिला दिसले. "अजून बचत गटाचे सहा हप्ते आहेत, फादर," ती म्हणाली, "पण आता दोघांना ठाऊक आहेत." तिचा नवरा चहाचे कप घेऊन येत होता. या खेपेस त्याने मान खाली घातली नाही.