वहीतले चार रकाने

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेल्या काकांकडे त्यांचा इंजिनिअर पुतण्या मुक्कामाला आला. जेवताना म्हणाला, "काका, आता कोळशाला नावं ठेवायचं कारण उरलं नाही. कॅनडातल्या बाउंडरी डॅम केंद्रात २०१४ पासून कार्बन पकडतात. चिमणीकडे जाणारा धूर अमाइनच्या द्रावणातून न्यायचा, ते कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं. मग वाफेने तापवलं की वायू सुटतो; तो दाबून जमिनीखाली सोडायचा. शंभरातले ९० भाग अडवायचं उद्दिष्ट आहे."

"वही घे," काका म्हणाले. "चार रकाने आख. हवा, खाण, राख, पाणी. आता सांग, ती वाफ कुठली?"

"टर्बाइनचीच."

"म्हणजे वीज घटली."

"पाचवा हिस्सा धरा."

"गावाला तर वीज तेवढीच लागणार. मांड हिशेब."

१०० टनांच्या जागी १२५ टन कोळसा आला. ९० टक्के अडवल्यावर हवेच्या रकान्यात १०० ऐवजी साडेबारा उरले.

"बघा, केवढी घट!"

"घट खरीच आहे. पुढचे रकाने भर."

खाण सव्वापट झाली, राखही सव्वापट. इरई धरणातून घ्यायचं पाणीसुद्धा वाढलं.

"आणि अडवलेला वायू?"

"बराचसा तेलविहिरींत. त्याच्या दाबाने जास्त तेल निघतं, त्यावर खर्च भागतो. टेक्सासच्या पेट्रा नोव्हा या अशाच प्रकल्पाचंही तसंच होतं. २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि वायू पकडणं थांबलं. पुन्हा सुरू व्हायला २०२३ उजाडलं." बोलता बोलता त्याचा स्वर उतरला. "मग काय, ही विद्या टाकूनच द्यायची?"

"टाकायची कशाला? आपल्या जिल्ह्यातल्या सिमेंटच्या भट्ट्यांवर ने. चुनखडी भाजली की तिच्यातूनच हा वायू निघतो. जाळ कशाचाही घाल, तो निघणारच. वीज मात्र कोळशावाचूनही होते."

"पण काका, रात्री सूर्य नसतो."

"नसतो ना. म्हणूनच साठवणुकीला पैसा लागेल, आणि तोच तू कोळशाचा धूर गाळण्यात घालायला निघालास."

पुतण्याने पान उलटलं आणि सिमेंटचा हिशेब मांडायला घेतला.

तात्पर्य : एकच रकाना पाहून हिशेब जुळला म्हणू नये. आणि जे मुळातच टाळता येतं, ते निस्तरण्यात अटळ कामाच्या वाट्याचं बळ खर्चू नये.